सलोख्याची किंमत कोण मोजते?

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधल्या खेड्यात दिवस मावळल्यावर मोकळ्या जागेत मोठा जाळ पेटवतात आणि सारे गाव त्याच्याभोवती बसते. मग एकेक जण उठून उभा राहतो आणि युद्धाच्या काळात आपल्यावर काय ओढवले ते सांगतो. आणि ज्याने ते ओढवून आणले तो बहुधा परका नसतो, त्याच जाळाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला शेजारीच असतो. ऐकून झाल्यावर तो पुढे येतो, कबुली देतो आणि क्षमा मागतो. त्याला शिक्षा होत नाही आणि सांगणाऱ्याला भरपाईही मिळत नाही. १९९१ ते २००२ या काळात चाललेल्या तिथल्या यादवी युद्धात पन्नास हजारांहून अधिक माणसे मारली गेली, आणि युद्ध थांबल्यावर मारणारे व वाचलेले यांना पुन्हा एकाच गावात राहायचे होते. 'फाम्बुल टोक', म्हणजे तिथल्या क्रिओ भाषेत घरातली बोलणी, या नावाच्या संस्थेने हे सोहळे गावोगावी घडवून आणले.

या सोहळ्यांमुळे नेमके काय बदलते, हे याकोबस सिलियर्स, ओएंद्रिला दुबे आणि बिलाल सिद्दीकी या तीन अर्थशास्त्रज्ञांनी एखादे औषध तपासावे तसे तपासले. त्यांनी २०० गावे घेतली, त्यांतल्या निम्म्या गावांत सोहळे व्हावेत आणि निम्म्यांत तूर्त होऊ नयेत हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले, आणि नऊ महिन्यांनी व पुन्हा ३१ महिन्यांनी दोन्हीकडच्या लोकांना प्रश्न विचारले. २०१६ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष दोन दिशांना जातात. सोहळे झालेल्या गावांत लोकांनी अपराध्यांना अधिक प्रमाणात क्षमा केलेली होती, जुन्या लढवय्यांवरचा विश्वास वाढला होता, एकमेकांकडे जाणे-येणे आणि अडीनडीला मदत मागणे वाढले होते, गावाच्या सामाईक कामांना लोक जास्त हातभार लावत होते. मात्र त्याच गावांत नैराश्य, चिंता आणि आघातोत्तर तणावाची लक्षणेही अधिक होती आणि जवळपास तीन वर्षांनंतरही ती ओसरली नव्हती.

म्हणजे गाव सावरले आणि गावातली माणसे आतून अधिक दुखावली. हा निष्कर्ष पचायला जड आहे, कारण राष्ट्रीय शोकांतिकेनंतर जी भाषा वापरली जाते तिच्यात 'जखमा भरून येणे' हा शब्दप्रयोग समाजासाठी आणि व्यक्तीसाठी एकाच दमात वापरला जातो. समाजाला शरीर मानले की एका बाजूची जखम भरली म्हणजे सगळीकडे बरे वाटेल असे गृहीत धरले जाते. मोजणी केल्यावर मात्र दोन वेगळी खाती निघतात.

क्षमेमुळे माणसाला बरे वाटते हे खोटे आहे का? तसे म्हणता येत नाही. शार्लट विटव्हलिएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ७१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग या विषयात वारंवार उद्धृत होतो. आपल्याला दुखावणाऱ्या एखाद्या खऱ्या व्यक्तीला विद्यार्थ्यांनी डोळ्यांसमोर आणायचे होते: कधी ती दुखापत पुन्हा आठवायची, कधी राग धरून राहायचे, कधी त्या व्यक्तीच्या जागी स्वतःला ठेवून पाहायचे, तर कधी तिला क्षमा केल्याची कल्पना करायची. या सगळ्या वेळात त्यांच्या हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि त्वचेला सुटणारा घाम यांची नोंद होत होती, आणि भुवईच्या वर चिकटवलेल्या इवल्याशा संवेदकांमधून कपाळाला आठी घालणाऱ्या स्नायूची हालचालही टिपली जात होती. मराठीत मनात अढी असते आणि कपाळावर आठी. या प्रयोगात दोन्हींची सांगड थेट आकड्यांत दिसली. राग धरल्यावर हे सगळे आकडे क्षमेच्या विचारांच्या तुलनेत वर गेले आणि 'आता विसावा घ्या' असे सांगितल्यावरही हृदय, त्वचा आणि भुवईचा स्नायू यांची अस्वस्थता रेंगाळत राहिली.

पण त्या विद्यार्थ्यांना आठवलेल्या दुखापती कोणत्या होत्या हेही पाहायला हवे. मित्रांनी, जोडीदारांनी, घरच्यांनी केलेले अपमान, खोटेपणा, नाकारणे अशा स्वरूपाच्या त्या होत्या. तिथून सामूहिक हत्याकांडापर्यंत उडी मारायची तर मधली दरी फार रुंद आहे, आणि क्षमेचे आरोग्यलाभ सांगणारे लोकप्रिय लेखन ही दरी सहसा वाचकाला दाखवत नाही.

ती ओलांडण्यासाठी मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांनी केलेला भेद उपयोगी पडतो. क्षमेचा अभ्यास करणाऱ्या या संशोधकाच्या स्वतःच्या आईचा १९९६ च्या आरंभी घरात शिरलेल्या चोराने खून केला, त्यामुळे त्यांच्या विवेचनाला केवळ पुस्तकी म्हणता येत नाही. त्यांच्या मते क्षमा दोन प्रकारची असते. एक निर्णयाची: मी सूड घेणार नाही, या माणसाशी माणसासारखा वागेन, असे ठरवणे. दुसरी भावनेची: त्या माणसाच्या आठवणीबरोबर उसळणारा संताप आणि कडवटपणा हळूहळू विरणे आणि त्याच्या जागी काही मवाळ भावना येणे. निर्णय एका संध्याकाळी घेता येतो. भावनेचे वेळापत्रक कोणाच्याच हाती नसते. जाळाभोवती बसलेल्या गावाने पहिली क्षमा मिळवली, आणि ती मिळवताना वर्षानुवर्षे दाबून ठेवलेली आठवण उघड्यावर आली, असे त्या अभ्यासाचे वाचन मला सर्वांत पटते.

रवांडातही असेच काहीसे दिसते. १९९४ च्या एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत तिथे अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली. आरोपींची संख्या इतकी प्रचंड होती की नेहमीच्या न्यायालयांना पिढ्यानपिढ्या पुरले असते, म्हणून गावातल्या गवतावर बसून तंटे मिटवण्याच्या जुन्या रीतीवरून 'गचाचा' न्यायालये उभी केली गेली. सुमारे बारा हजार न्यायालये, आणि २०१२ साली ती बंद होईपर्यंत दहा लाखांहून अधिक खटले. बेर्नार रिमे यांच्या गटाने त्यांत सहभागी झालेल्यांची पाहणी केली तेव्हा वाचलेले आणि आरोपी अशा दोघांच्याही नकारात्मक भावना वाढलेल्या आढळल्या. त्याचबरोबर वाचलेल्यांची लाज कमी झाली होती आणि दोन्ही बाजूंची एकमेकांविषयीची साचेबंद मते सैल झाली होती. लाज कमी होणे ही लहान गोष्ट नाही. अत्याचार सोसलेला माणूसच अनेकदा मान खाली घालून वावरतो आणि चारचौघांत झालेली कबुली ते ओझे ज्याचे त्याच्याकडे परत देते.

त्याच देशात २००४ पासून 'मुसेकेवेया', म्हणजे नवी पहाट, ही नभोनाट्यमालिका सुरू झाली, आणि एलिझाबेथ पालक यांनी वर्षभर तिच्या श्रोत्यांचे गट अभ्यासले. श्रोत्यांची स्वतःची मते फारशी बदलली नव्हती, पण आपल्या समाजात कसे वागणे योग्य मानले जाते याविषयीची त्यांची समजूत बदलली होती आणि वागणेही त्यानुसार वळले होते. सलोखा हा आधी रिवाज म्हणून येतो आणि मन त्याच्या मागून येते, किंवा येतही नाही.

आता श्रद्धेकडे वळू, कारण संकटानंतर माणसे सर्वांत आधी तिकडेच वळतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीन ते पाच दिवसांत अमेरिकेत ५६० प्रौढांची दूरध्वनीवरून पाहणी झाली, तेव्हा ९० टक्क्यांनी आपण धर्माचा आधार घेतल्याचे सांगितले. पण त्याने बरे वाटले का, हे अशा एकदाच केलेल्या पाहणीतून कळत नाही. त्यासाठी संकटाच्या आधीपासूनची नोंद लागते, आणि संकट काही संशोधकांना सांगून येत नाही. न्यूझीलंडमध्ये मात्र असा योग आला. तिथे २००९ पासून त्याच त्या नागरिकांना दरवर्षी प्रश्न विचारणारी एक मोठी पाहणी चालू होती आणि २२ फेब्रुवारी २०११ रोजी क्राइस्टचर्चच्या भूकंपात १८५ जण मरण पावले. ख्रिस सिब्ली आणि जोसेफ बुल्बुलिया यांनी आधीची आणि नंतरची उत्तरे ताडून पाहिली. उर्वरित देशात श्रद्धा घटत होती, तर भूकंपाची झळ बसलेल्यांमध्ये ती वाढली होती. तरीही श्रद्धावानांची स्वतःच्या प्रकृतीविषयीची भावना इतरांपेक्षा चांगली राहिली असे काही आढळले नाही. खरा फरक दिसला तो भूकंपानंतर ज्यांची श्रद्धा उडाली त्यांच्यात: त्यांना आपली प्रकृती लक्षणीय ढासळल्यासारखी वाटत होती. देशाच्या इतर भागांत श्रद्धा सोडलेल्यांच्या बाबतीत मात्र तसे घडले नव्हते.

श्रद्धा नसणे आणि श्रद्धा मोडणे यांत किती अंतर आहे ते इथे कळते. आयुष्यभर ज्या खांबाला टेकून बसायचे तो खांब ऐन भूकंपात निखळला, तर पडणे मुळात खांबाशिवाय बसणाऱ्यापेक्षा जोरात होते. केनेथ पार्गामेंट यांनी १९९५ च्या ओक्लाहोमा शहरातील बॉम्बस्फोटानंतर तिथल्या चर्चच्या सदस्यांचा अभ्यास केला, तेव्हा हीच गोष्ट वेगळ्या अंगाने पुढे आली. देव सोबत आहे असे मानणारे आणि ही देवाने दिलेली शिक्षा आहे असे मानणारे, दोघेही श्रद्धावानच. पण दुसऱ्या प्रकारच्या श्रद्धेचे नाते अधिक त्रासाशी होते. त्यामुळे शोकांतिकेनंतर व्यासपीठावरून 'हे आपल्या पापांचे फळ' असे बोलणारे लोक श्रोत्यांच्या मनःस्वास्थ्याशी खेळत असतात, एवढे म्हणायला हरकत नसावी.

आणखी एका लाडक्या समजुतीला धक्का बसला आहे. दुःख बोलून टाकले की हलके होते, असे आपण सगळेच सांगतो. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर मार्क सीरी, अलिसन होल्मन आणि रोक्सेन कोहेन सिल्व्हर यांनी अमेरिकाभरच्या दोन हजारांहून अधिक लोकांसमोर 'तुम्हाला काय वाटते ते लिहा' अशी मोकळी जागा ठेवली आणि पुढची दोन वर्षे त्यांची प्रकृती पाहिली. ज्यांनी ती जागा कोरी ठेवली त्यांची स्थिती लिहिणाऱ्यांपेक्षा बरी निघाली, आणि लिहिणाऱ्यांतही ज्यांनी जास्त लिहिले त्यांना त्रास जास्त होता. मुळातच जास्त हादरलेल्यांनी जास्त लिहिले असेल, हे उघड आहे. परंतु जो गप्प आहे तो आतून कुढतो आहे, या समजुतीने त्याला बोलते करण्याची घाई करू नये, इतपत आधार या अभ्यासातून नक्कीच मिळतो.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत कोलंबिया, इंडोनेशिया, युक्रेन, दक्षिण आफ्रिका आणि हाँगकाँग येथील ४,५९८ लोकांना वर्दिंग्टन यांच्या पद्धतीवर बेतलेली क्षमेची एक कार्यपुस्तिका दिली गेली. दोन-तीन तासांत, स्वतःच्या घरी, स्वतःच्या वेगाने ती भरायची. भरणाऱ्यांचे नैराश्य आणि चिंता दोन्ही काही अंशी उतरले. जाळाभोवतीच्या सोहळ्याशी याची तुलना केली तर फरक चटकन दिसतो: इथे कोणी पाहत नव्हते, समोर अपराधी बसलेला नव्हता, आणि क्षमा केली नाही म्हणून गावाचा सलोखा बिघडणार नव्हता.

सिएरा लिओनचा अभ्यास करणाऱ्यांनी सोहळे बंद करा असे म्हटलेले नाही. समाजाला झालेला लाभ टिकवून व्यक्तीवरचा भार कसा कमी करता येईल, त्या दृष्टीने या कार्यक्रमांची आखणी नव्याने करा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. म्हणजे जाळ विझल्यावर आणि कार्यकर्ते पुढच्या गावाला निघून गेल्यावर, जिने त्या रात्री सगळ्यांसमोर आपली हकिकत सांगितली तिच्याकडे पुढच्या महिन्यात कोण जाणार, आणि तिसऱ्या वर्षी कोण, याची तरतूद त्या कार्यक्रमात आधीपासूनच असायला हवी.