पिग्मॅलियन (चित्रपट, १९३८)

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या नाटकावर बेतलेला कृष्णधवल ब्रिटिश विनोदी चित्रपट. प्रेमकथा म्हणून त्याचे नाव झाले, पण त्यातले खरे भांडण उच्चारांचे आहे. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये फुले विकणाऱ्या एलायझा डूलिटलला काही महिन्यांत बड्या घरच्या बाईसारखे बोलायला शिकवीन, अशी पैज ध्वनिशास्त्राचा प्राध्यापक हेन्री हिगिन्स मारतो. नाव ग्रीक पुराणकथेतले: स्वतः घडवलेल्या पुतळ्याच्या प्रेमात पडलेला शिल्पकार.

नाटक १९१३ मध्ये व्हिएन्नात जर्मन भाषेत आणि १९१४ मध्ये लंडनला इंग्रजीत रंगमंचावर आले. चित्रपटाचे निर्माते गॅब्रिएल पास्कल; दिग्दर्शन अँथनी अ‍ॅस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड यांचे. हिगिन्सही हॉवर्डच, एलायझा वेंडी हिलर. संकलन डेव्हिड लीन यांचे, जे पुढे स्वतःच मोठे दिग्दर्शक झाले. १९२५ चे नोबेल आधीच पदरी असलेल्या शॉना या पटकथेसाठी ऑस्करही मिळाले, अर्थात सहलेखकांसोबत.

शिकवणीचा भाग आजही हसवतो. हिगिन्स एलायझाच्या तोंडात गोट्या भरून तिला बोलायला लावतो. एक गोटी ती गिळते. हा म्हणतो, काही हरकत नाही, माझ्याकडे आणखी पुष्कळ आहेत! मग त्याच्या आईकडच्या चहापानात ती चोख उच्चारात सांगते, की मावशी फ्लूने गेली म्हणतात, पण माझ्या मते तिला मारलेच. उच्चार बंगल्यातला, मजकूर गल्लीतला. स्पेनमधल्या पावसाचे प्रसिद्ध वाक्यही मूळ नाटकात नाही, ते या चित्रपटातले. ‘माय फेअर लेडी’ने (संगीतिका १९५६, चित्रपट १९६४) पुढे त्याचे गाणे केले.

ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकाला हा विषय समजावून सांगावा लागत नाही. घणसोली, कोपरखैरण्याच्या गावठाणांतल्या आगरी बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चा ‘डोला’. त्यावर ‘शुद्ध बोल’ म्हणणारा एखादा हिगिन्स इथल्या पुष्कळांना वर्गात किंवा ऑफिसात भेटलेला असतो, फक्त पैज न मारता. मराठीत या नाटकाला पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ (१९७५) हे रूप दिले. नाव बालकवींच्या कवितेवरून. भक्ती बर्वे यांच्या मंजुळेचे (म्हणजे मराठी एलायझाचे) ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे स्वगत तर एकपात्री स्पर्धांमध्ये इतके घासले गेले आहे की परीक्षकांची दया यावी. याच कथेवरचा ‘फुलराणी’ हा मराठी चित्रपट २०२३ मध्ये आला.

वाद आहे तो शेवटाचा. हिगिन्स आणि एलायझाचे जुळावे हे शॉना साफ नामंजूर होते. छापील नाटकाला जोडलेल्या उत्तरकथेत त्यांनी तिचे लग्न तिच्यावर जीव टाकणाऱ्या फ्रेडी या तरुणाशी लावले आणि तिला फुलांचे दुकान काढून दिले. पडद्यावर मात्र हिगिन्स घरी एकटाच तिच्या जुन्या, गावंढळ आवाजाचे ध्वनिमुद्रण ऐकत बसतो. मागून तीच येते. हा चेहऱ्यावरचा आनंद लपवत पाठ फिरवतो आणि विचारतो, “माझ्या सपाता कुठे आहेत, एलायझा?” चित्रपट तिथेच संपतो. तिचे उत्तर ऐकू येत नाही.