मूडची डायरी आदल्या रात्री भरू नका

गंगापूर रोडवरच्या आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींच्या फोनमध्ये मूड नोंदवायचं ॲप बहुतेक आधीच असतं. कोणतं चांगलं, असं सगळेच विचारतात. जे रोज उघडाल ते. मात्र नुसत्या मूडच्या नोंदीसाठी कॉन्टॅक्ट आणि लोकेशन मागणारं ॲप काढून टाका.

घोळ होतो तो भरण्यात. सेशन शनिवारी असलं की शुक्रवारी रात्री रूमवर बसून आठवडाभराच्या नोंदी एकदम उरकल्या जातात. ते आम्हाला लगेच कळतं. त्या रात्री मन उदास असेल तर अख्खा आठवडा उदास, सबमिशन पार पडलं असेल तर सोमवारपासून सगळं मजेत! मग मंगळवारी झोप किती झाली, मेसचं जेवण का चुकलं, घरून फोन आल्यावर काय झालं, हे उकरून काढण्यात अर्धं सेशन जातं आणि फी तर पूर्ण सेशनची भरलेली असते. एखादा दिवस राहिला तर रिकामा सोडा. रिकाम्या दिवसावरूनही बोलता येतं, बनवलेल्या नोंदीवरून नाही.

आठवणीचं नोटिफिकेशन येत नसेल तर बहुधा फोनचा बॅटरी सेव्हर त्या ॲपला बंद पाडतो. सेटिंगमध्ये त्या ॲपपुरता बॅटरी सेव्हर बंद करा. जमलं नाही तर काउंटरवर फोन द्या, करून देतो. त्याचे पैसे नाहीत.

पीएचक्यू-९ या डिप्रेशनच्या प्रश्नावलीचा स्क्रीनशॉट दाखवून ‘२७ पैकी १४ आलेत, डिप्रेशन आहे का?’ असंही विचारतात. ते नऊ प्रश्न मागच्या दोन आठवड्यांपुरते आहेत. त्यावरून तपासणीची गरज कळते, निदान होत नाही. म्हणून आम्ही स्क्रीनशॉटवर काहीही लिहून देत नाही, कोणी कितीही रागावलं तरी. नववा प्रश्न मात्र जीव नकोसा वाटण्याचा आहे. तिथे ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं उत्तर असेल, तर बेरीज कितीही असो, सेशनची वाट पाहू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, २४ तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.

पालकांसाठी: १८ पूर्ण झालेल्या मुलाची डायरी त्याच्या संमतीशिवाय आम्ही दाखवत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. कळवण-सुरगाण्याहून येऊन हे ऐकायला जड जातं, कळतं आम्हाला. पालकांना स्वतःसाठी वेगळी वेळ घेता येते, येण्याआधी फोन करून ठरवा.