यंत्रभरवसा

यंत्राने दिलेले उत्तर बरोबरच असणार असे धरून स्वतःची तपासणी सैल सोडण्याची मानवी प्रवृत्ती. मानसशास्त्रात तिला ऑटोमेशन बायस म्हणतात. विमानांच्या कॉकपिटवरील अभ्यासातून ही कल्पना पुढे आली. आज ती कायदा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची नीती या दोन्हींच्या चर्चेत मध्यावर आहे. बेळगाव सीमाभागात या प्रवृत्तीला वेगळे वळण मिळते, कारण येथे यंत्राने केलेले कन्नड-मराठी भाषांतर तपासायचे तर तपासणाऱ्याला दोन भाषा आणि दोन लिप्या यायला हव्यात.

लिंडा स्किटका, कॅथलीन मोझियर आणि मार्क बर्डिक यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. उड्डाणासारख्या एका कामात काही जणांना सूचना देणारे यंत्र दिले, काहींना दिले नाही. यंत्र बहुतेक वेळा बरोबर होते, पण जिथे ते गप्प राहिले तिथे यंत्रवाल्यांच्या नजरेतून घटना निसटल्या. जिथे ते चुकले तिथे समोरची उपकरणे वेगळे सांगत असूनही काहींनी यंत्राचेच ऐकले. पहिली चूक ‘सुटण्याची’, दुसरी ‘करण्याची’. उलट बाजूही आहे. डीटव्हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांना २०१५ मध्ये असे आढळले, की यंत्र चुकताना एकदा डोळ्यांनी पाहिले की लोक त्याच्यावरून मन काढतात. तीच चूक माणसाने केली तर इतके चटकन काढत नाहीत. थोडक्यात, चूक दिसली तरच विश्वास ढळतो. सीमाभागातला सगळा प्रश्न या ‘दिसली तर’मध्ये आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घरात मराठी आणि कचेरीत कन्नड असा व्यवहार १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून चालत आला आहे. कनिष्ठ न्यायालयांत कन्नड आणि इंग्रजी चालते. जुन्या पिढीतील अनेक जण कन्नड बोलतात, पण त्यांचे शिक्षण मराठी शाळेत झाल्यामुळे वाचता येत नाही. नोटीस हातात पडली की पूर्वी गल्लीतला जाणता माणूस किंवा वकिलाचा कारकून शोधायचा. आता मोबाईलचा कॅमेरा कागदावर धरला की पडद्यावर मराठी उमटते. सोय मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्या मराठीत काय उमटते ते जवळून पाहावे. कन्नडमध्ये रोजच्या बोलण्यात ‘अनुमान’ म्हणजे संशय. मराठीत अनुमान म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष. ‘अनुमानास्पद सावु’ म्हणजे संशयास्पद मृत्यू. शब्द तसाच मराठीत उतरला तर वाक्य व्याकरणाने निर्दोष दिसते आणि वाचणारा पुढे सरकतो. भाषांतर इंग्रजीतून फिरून आले तर हा शब्द बहुधा सुधारतो, पण मग नाती बिघडतात. कन्नडमधील ‘चिक्कप्पा’ म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, ‘सोदरमाव’ म्हणजे आईचा भाऊ. इंग्रजीत दोघेही अंकल. तिथून मराठीत परतताना यंत्र चुलता लिहील की मामा, हा नशिबाचा भाग. एकत्र कुटुंबाच्या वाटणीच्या दाव्यात चुलता हा सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हिस्सेदार असतो, मामा नसतो. जमिनीचा दावाच या एका शब्दावर उभा असतो. शिवाय जमीन आणि जामीन ही जोडी दोन्ही भाषांत जवळपास तशीच आहे. आवाजावरून मजकूर टिपणाऱ्या यंत्रासाठी एका कान्याचाच फरक.

न्यायव्यवस्थेत सर्वोच्च न्यायालयाची ‘सुवास’ ही अनुवादप्रणाली २०१९ मध्ये सुरू झाली. ती इंग्रजी आणि भारतीय भाषा यांमध्ये काम करते, त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण आणले: निष्कर्ष किंवा आदेश यंत्राकडून घ्यायचा नाही, आणि यंत्राने केलेला अनुवाद पात्र अनुवादकाने किंवा न्यायाधीशाने तपासायचा. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात तर कलम १४ मध्ये ऑटोमेशन बायसचे नावच घातले आहे; देखरेख करणाऱ्याला या प्रवृत्तीची जाणीव राहिली पाहिजे, असे ते सांगते.

जाणीव असून भागते का? संशोधक बेन ग्रीन यांनी २०२२ च्या लेखात याला स्पष्ट नकार दिला: माणसाच्या देखरेखीची अट घातली की सदोष प्रणालीलाही मान्यता मिळते, आणि ती देखरेख माणसाला सहसा जमत नाही. संशोधक मॅडलिन क्लेर एलिश यांची उपमा अधिक बोचरी आहे. अपघातात मोटारीचा पुढचा भाग स्वतः चेपून आतल्या माणसाला वाचवतो. यंत्रव्यवस्थेत उलटे होते, दोष अंगावर घेऊन माणूस चेपतो आणि व्यवस्था वाचते. अनुवादाखाली ‘तपासले’ म्हणून सही करणारा कारकून कन्नड नीट वाचत नसेल, किंवा त्याच्यापुढे कागदांचा ढीग असेल, तर त्याची सही ही तपासणी नसून ढाल ठरते. बेळगाव शहरात विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, राजा लखमगौडा विधी महाविद्यालयही आहे. यंत्राची परीक्षा घेणारी, चुलता-मामासारख्या फसव्या शब्दांची एक चाचणी-यादी करायला याहून योग्य गाव शोधून सापडणार नाही.

जुन्या कायद्यात मात्र एक तपासणी बसवलेली आहे, आणि ती यंत्रभरवशावर बरीच लागू पडते. फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३, कलम २७८: साक्षीची नोंद साक्षीदाराला वाचून दाखवायची, आणि नोंद त्याला न समजणाऱ्या भाषेत असेल तर समजणाऱ्या भाषेत सांगायची. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. येथे तपासणारा सही करणारा कारकून नसून ज्याच्या तोंडचे शब्द आहेत तो स्वतः असतो. मराठी बोलणाऱ्या साक्षीदाराला कन्नड नोंद सावकाश समजावून सांगितली, तर निदान तो मध्येच थांबवून म्हणू शकतो, “मामा नव्हं साहेब, चुलता.”