अठरा झाले की बालगृहातून थेट रस्त्यावर? तसं नाहीये हो

"अनाथाश्रमातलं पोरगं अठराचं झालं की सरकार हात वर करतं, दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन बाहेर." हे लहानपणापासून ऐकतोय, परवा सातपूरला टपरीवर पण एकजण अगदी ठासून सांगत होता. अर्धंच खरं आहे ते. बालगृहातला मुक्काम साधारण 18 ला संपतो, जबाबदारी नाही संपत.

2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 46 यासाठीच आहे, संस्था सोडणाऱ्याला पायावर उभं राहायला पैशाची मदत, आणि अनुरक्षण म्हणजे आफ्टरकेअर, संस्था सोडल्यानंतरची देखभाल, वयाच्या 21 पर्यंत, खरंच गरज असेल तर 23 पर्यंत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून महिन्याला 4000 रुपये. (4000 मध्ये नाशिकरोडला रूम शोधून दाखवा, पण ते असो.) शिवाय महाराष्ट्रात 2018 पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे.

मग पोरं अडकतात कुठे? कागदांत. ओळखीतल्या एका पोराच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर भलतंच, आणि वडिलांच्या नावाचा रकाना कोरा, त्यात घरमालक विचारतो कायमचा पत्ता काय, आता काय सांगणार बिचारा. आरक्षणाला अनाथ प्रमाणपत्र लागतं, ते महिला व बाल विकास विभागाकडून मिळतं, त्यामुळे अठरा व्हायची वाट न बघता सतराव्या वर्षीच जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन सगळी नावं जुळवून घ्या, आणि अनुरक्षणाचा अर्जही तिथेच विचारा.