वेब सेवा चाचणी सॉफ्टवेअर : तांत्रिक साहाय्य

एका संगणकप्रणालीने दुसरीकडे जाळ्यावरून केलेली मागणी आणि तिला मिळालेले उत्तर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वापरात अडचण आली, तर ती सोडवण्यासाठी मिळणारी मदत. उत्पादक कंपनीचा सशुल्क सपोर्ट, मुक्तस्रोत प्रकल्पाच्या विकासकांची उत्तरे, अधिकृत दस्तऐवज आणि ज्या सेवेची चाचणी चालू आहे ती सांभाळणाऱ्या चमूचे सहकार्य, हे सगळे तिच्यात येते. यातला शेवटचा घटक बहुधा लक्षात राहत नाही. पुष्कळ प्रश्नांचे उत्तर मात्र त्याच चमूच्या सर्व्हर लॉगमध्ये (सर्व्हरने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदींत) पडलेले असते.

चाचणीच्या साधनाचे कामच मुळी चुका दाखवणे हे आहे. त्यामुळे पडद्यावर लाल खूण उमटली, की साधनाने आपले काम चोख बजावले की तेच बिघडले, हे नुसत्या खुणेवरून सांगता येत नाही. संशयित तीन असतात : साधन, सेवा आणि दोहोंमधला मार्ग, म्हणजे मागणी पुढे धाडणारे वा अडवणारे प्रॉक्सी, फायरवॉल, गेटवे आणि सर्व्हरची ओळख पटवणारी सुरक्षा प्रमाणपत्रे. तिघांचे जबाबदार लोक वेगवेगळे असल्याने चुकीच्या दारात गेलेला प्रश्न दोन-तीन दिवसांनी ‘हे आमच्याकडचे नाही’ अशा शेऱ्यासह परत येतो. कोणाला विचारायचे हे ठरवणे हाच या कामाचा सर्वांत अवघड भाग आहे.

साधने आणि मदतीची दारे

सोप या एक्सएमएलवर आधारित संदेशपद्धतीची १.१ आवृत्ती मे २००० मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने टिपण म्हणून प्रसिद्ध केली. त्याच वर्षी संगणकशास्त्रज्ञ रॉय फील्डिंग यांनी आपल्या प्रबंधात जाळ्यावरच्या प्रणालींची रेस्ट ही रचनाशैली मांडली. आजची साधने कमीअधिक प्रमाणात या दोन्ही परंपरा सांभाळतात. सोपयूआय हे स्वीडनमधील एव्हिवेअर या कंपनीचे २००५ मधले उत्पादन. २०११ मध्ये स्मार्टबेअरने ती कंपनी विकत घेतली. त्याची मुक्तस्रोत आवृत्ती मोफत आहे आणि त्याचा सशुल्क भाऊबंद रेडीएपीआय या नावाने विकला जातो. दोन्ही दिसायला सारखी असली तरी मदतीची दारे वेगळी आहेत. कंपनीचे अभियंते परवानाधारकांसाठी असतात. मोफत आवृत्ती वापरणाऱ्याला दस्तऐवज आणि इतर वापरकर्ते यांवरच भिस्त ठेवावी लागते.

अपाची जेमीटर हे स्टेफानो माझोक्की यांनी १९९८ च्या सुमारास सुरू केलेले साधन आज अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचे स्वयंसेवक सांभाळतात. तिथे तक्रार नोंदवणाऱ्याला ग्राहक म्हणून कोणताही हक्क नसतो, हे पुष्कळांच्या उशिरा ध्यानात येते. अभिनव अस्थाना यांनी २०१२ मध्ये क्रोम ब्राउझरची जोड म्हणून आणलेले पोस्टमन पुढे स्वतंत्र कंपनीचे उत्पादन झाले आणि त्याचा सपोर्ट सशुल्क योजनांनुसार विभागला गेला. रेस्ट-अ‍ॅशुअर्ड, कराटे यांसारख्या साधनांमध्ये चाचणी म्हणजेच प्रोग्रॅम. त्यामुळे तिथली मदत ही प्रोग्रॅमिंगच्या मदतीसारखीच असते.

दोष कोणाचा हे ठरवणे

सर्वांत उपयोगी कसोटी म्हणजे तीच मागणी दुसऱ्या साधनातून पाठवून पाहणे. त्यासाठी बहुतेक जण डॅनिएल स्टेनबर्ग यांचे कर्ल वापरतात. १९९८ पासून चालत आलेले, आज्ञा टंकून चालवायचे हे साधन जवळपास सर्वत्र उपलब्ध असते, आणि पोस्टमनसारखी साधने कोणतीही मागणी कर्लच्या आज्ञेत बदलून देतात. कर्लमध्येही तीच चूक आली, तर चाचणीचे साधन बहुधा निर्दोष. मात्र ‘तीच मागणी’ खरोखर तीच असावी लागते. साधने आपल्याकडून काही हेडर (मागणीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) गुपचूप जोडतात, साठवलेल्या कुकी पाठवतात, मजकुराचा प्रकार स्वतःच ठरवतात. म्हणून पडद्यावर काय भरले यापेक्षा तारेवर काय गेले ते पाहावे. पोस्टमनमध्ये ते कन्सोलमध्ये, सोपयूआयमध्ये एचटीटीपी (वेबवरच्या देवाणघेवाणीची नियमपद्धती) लॉगमध्ये आणि जेमीटरमध्ये ‘व्ह्यू रिझल्ट्स ट्री’मध्ये दिसते.

एचटीटीपीचे स्थितिदर्शक आकडे दिशा दाखवतात, पण फसवतातही. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही. ४०३ म्हणजे मागणी कळली, पण परवानगी नाही. ५०२ किंवा ५०४ आला, तर बोट मधल्या गेटवेकडे किंवा त्याच्या पलीकडच्या सेवेकडे वळते. सोपच्या बाबतीत मात्र नवखा टेस्टर हमखास अडखळतो. सोप १.१ नुसार एचटीटीपीवरून फॉल्ट, म्हणजे चूक कळवणारा संदेश, पाठवताना ५०० हाच आकडा द्यावा लागतो. म्हणजे ‘या क्रमांकाचे खाते नाही’ असे सरळ व्यावहारिक उत्तरही सर्व्हर कोसळल्यासारखे दिसते. उलट काही रेस्ट सेवा २०० हा यशाचा आकडा देऊन चूक आतल्या जेसन (माहिती मांडण्याचा एक साचा) मजकुरात सांगतात. दोन्ही वेळा साधनाचा काही दोष नसतो, तरी तिकीट (सपोर्टकडची तक्रारनोंद) त्याच्याच नावाने उघडले जाते. ४१५, म्हणजे मजकुराचा प्रकार चालत नाही, याचेही तसेच. सोप १.१ मध्ये मजकुराचा प्रकार ‘टेक्स्ट/एक्सएमएल’ असतो, १.२ मध्ये तो ‘अ‍ॅप्लिकेशन/सोप+एक्सएमएल’ होतो, आणि आवृत्त्यांची सरमिसळ झाली की सर्व्हर मागणी नाकारू शकतो.

प्रमाणपत्रांच्या तक्रारी हा तर स्वतंत्र अध्याय आहे. ‘ब्राउझरमध्ये पत्ता उघडतो, पण साधनात हँडशेक (सुरक्षित जोडणी जुळणे) होत नाही’ हे वाक्य सपोर्टमध्ये काम करणाऱ्यांना पाठ असते. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर चालणारी साधने सहसा जावाच्या स्वतःच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या साठ्याकडे पाहतात. ब्राउझर आपला किंवा कार्यप्रणालीचा साठा वापरतो. कार्यालयाने स्वतःचे अंतर्गत प्रमाणपत्र वापरले असेल, तर ते जावाच्या साठ्यात वेगळे घालावे लागते, नाहीतर ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ (प्रमाणपत्रांची साखळी जुळली नाही) ही ओळ येते. दुसरे कारण अधिक चकवणारे आहे. सर्व्हरने साखळीतले मधले प्रमाणपत्र पाठवलेच नाही, तर अनेक ब्राउझर ते स्वतः मिळवून वेळ निभावून नेतात, पण जावा एरवी तसे करत नाही. अशा वेळी चूक सर्व्हरची असते आणि चाचणीच्या साधनाने ती पकडलेली असते! पडताळणीच बंद करण्याचा पर्याय जवळपास प्रत्येक साधनात आहे. निदानापुरता तो ठीक. कायमचा चालू ठेवला तर खरी चूक झाकली जाते. मार्च २०२१ मध्ये टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीच्या १.० आणि १.१ आवृत्त्या अधिकृतपणे कालबाह्य ठरल्यापासून नव्या सर्व्हरशी जुन्या साधनांचे न जुळणे, ही आणखी एक भर.

घड्याळ हा संशयित सहसा कोणाच्या मनात येत नाही. सोप संदेश सुरक्षित करणाऱ्या डब्ल्यूएस-सिक्युरिटीच्या हेडरमधला टाइमस्टँप किंवा ओळख पटवणाऱ्या जेडब्ल्यूटी टोकनची मुदत सर्व्हरच्या वेळेशी ताडून पाहिली जाते. चाचणीच्या यंत्राचे घड्याळ काही मिनिटे पुढेमागे असेल, तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो, आणि संदेशात वेळेचा उल्लेख असेलच असे नाही. ‘पोस्टमनमध्ये चालते, पण वेबपानावरून चालत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा कॉर्स असतो. परक्या स्थळाकडे जाणाऱ्या मागण्यांवरचे ते बंधन ब्राउझर पाळतो. पोस्टमन ब्राउझर नसल्याने त्याला ते लागू होत नाही.

तिकिटात काय द्यावे

सपोर्टच्या अभियंत्याला तक्रारदाराची सेवा सहसा दिसतच नाही, कारण ती कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यात असते. त्यामुळे शेकडो चाचण्यांचा सगळा प्रकल्प पाठवून काही साधत नाही. एक मागणी, एक तपासणी आणि चूक पुन्हा घडवण्याची कृती एवढे पुरते. सोपयूआय डब्ल्यूएसडीएल या सेवेच्या वर्णन-फायलीवरून नकली सेवा तयार करून देते. खऱ्या सेवेच्या जागी ती जोडून चूक तशीच घडली, तर अभियंत्याला आपल्या टेबलावर ती जशीच्या तशी पाहता येते. नकली सेवेवर चूक घडली नाही, तर तेही एक उत्तरच आहे. सोबत साधनाची, जावाची आणि कार्यप्रणालीची आवृत्ती, काय अपेक्षित होते व काय झाले, घटनेची वेळ कालक्षेत्रासह आणि सेवा देत असेल तर मागणीचा ओळखक्रमांक द्यावा. ओळखक्रमांक हाती असला, की सेवेच्या चमूला लाखो ओळींच्या लॉगमधून नेमकी ओळ काढता येते. चूक दाखवणारा संदेश मजकूर म्हणून द्यावा, पडद्याचे चित्र म्हणून नव्हे. चित्रातला मजकूर शोधता येत नाही आणि महत्त्वाची ओळ नेमकी चित्राबाहेर राहते.

लॉग पाठवताना गुप्त माहिती काढून टाकणे ही नुसती औपचारिकता नाही. ओळख पटवण्याच्या बेसिक पद्धतीत पाठवलेले नाव व पासवर्ड बेस६४ मध्ये लिहिलेले असतात. ते कूटबद्ध नसून कोणालाही क्षणात उलगडता येतात. जेडब्ल्यूटीमधला मजकूरही सहसा असाच उघडा असतो. ब्राउझरमधून काढलेल्या हार (देवाणघेवाणीची सगळी नोंद) फायलीत कुकी आणि सत्र-टोकन जसेच्या तसे उतरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टा या ओळख-सेवा कंपनीने आपल्या सपोर्ट प्रणालीत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले. ग्राहकांनी मदतीसाठी चढवलेल्या फायली घुसखोरांच्या हाती लागल्या होत्या. १३४ ग्राहकांच्या फायलींपर्यंत ते पोहोचले, आणि हार फायलींतल्या टोकनांच्या आधारे पाच ग्राहकांची चालू सत्रे बळकावली गेली, असे कंपनीने नंतर सांगितले. क्लाउडफ्लेअर आणि वनपासवर्ड या ग्राहक कंपन्यांनी आपल्यावरील प्रयत्नांची माहिती स्वतःच प्रसिद्ध केली. म्हणून फाइल पाठवण्याआधी टोकन पुसावे, आणि एखादे नजरचुकीने गेलेच तर ते लगेच रद्द करून नवे घ्यावे. एकदा पाठवलेली फाइल परत घेता येत नाही.

सशुल्क सपोर्ट आणि त्याच्या मर्यादा

करारात तीव्रतेच्या पातळ्या असतात, आणि प्रत्येक पातळीला प्रतिसादाची मुदत. ही मुदत पहिल्या उत्तराची असते, उपायाची नव्हे. सही करणाऱ्यांचा सर्वाधिक गैरसमज इथेच होतो. सगळ्याच तक्रारी सर्वोच्च पातळीवर टाकणाऱ्या ग्राहकाच्या पातळीला पुढे कोणी फारशी किंमत देत नाही. परवाना चालू होत नसेल तर उत्तर लवकर मिळते. ‘अमुक सोय असायला हवी होती’ ही मागणी मात्र दोष म्हणून नोंदली, तरी सुधारणांच्या यादीत सरकवली जाते आणि तिथेच राहू शकते.

मुक्तस्रोत प्रकल्पांत मुदत नसते. जुन्या आवृत्तीवरची तक्रार आली, तर ‘नव्या आवृत्तीवर तपासा’ हे पहिले उत्तर, आणि ते रास्तही असते. काही उत्तरे तर साधन स्वतःच आधी देऊन ठेवते : जेमीटर सुरू होतानाच सांगते, की चित्रमय खिडकीतून भार-चाचणी (एकाच वेळी पुष्कळ मागण्या सोडून केलेली चाचणी) चालवू नका. तरीही त्या खिडकीत हजारो आभासी वापरकर्ते सोडून ‘मेमरी संपली’ अशी तक्रार येत राहते.

अलीकडे पहिला प्रश्न भाषा-प्रतिमानावर (लँग्वेज मॉडेलवर) चालणाऱ्या सहायकाला विचारला जातो. चूक दाखवणाऱ्या संदेशाचा अर्थ लावायला तो चांगला. आवृत्त्यांच्या बाबतीत कच्चा. पोस्टमनच्या स्क्रिप्टमध्ये ‘पोस्टमन’ने सुरू होणारे जुने आदेश आणि ‘पीएम’ने सुरू होणारे नवे आदेश तो एकाच उत्तरात मिसळू शकतो, अस्तित्वात नसलेला पर्यायही आत्मविश्वासाने सुचवू शकतो. दस्तऐवजाशी ताडून पाहिल्याशिवाय ते उत्तर तिकिटात उतरवू नये.

काही अडचणी वापरकर्त्याने चाचणीत काहीही न बदलता उद्भवतात. २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून एक्सएमएल बांधणी आणि सोप सेवांसाठीचे जुने विभाग काढून टाकले गेले. त्यांवर विसंबलेल्या चाचण्या जावा बदलताच ‘वर्ग सापडत नाही’ म्हणून थांबल्या; उपाय होता तो ती ग्रंथालये (तयार प्रोग्रॅमचे संच) वेगळी जोडण्याचा. २०२३ मध्ये पोस्टमनने खात्याशिवाय वापरता येणारे स्क्रॅच पॅड बंद केले, तेव्हा मागण्यांचा संग्रह बाहेरच्या सर्व्हरवर ठेवण्यास मनाई असलेल्या संस्थांना दुसरी साधने शोधावी लागली. असे बदल बहुधा प्रकाशन-टिपणांत आधीच लिहिलेले असतात, आणि आवृत्ती बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या तिकिटाला सपोर्टचा अभियंता सर्वप्रथम त्याच टिपणांचा दुवा पाठवतो.