स्टोमा नर्स वेगळी, घरी येणारी नर्स वेगळी

स्टोमा म्हणजे मळ किंवा लघवी बाहेर यावी म्हणून ऑपरेशन करून पोटावर काढलेलं तोंड; त्यावर बॅग लावतात. डिस्चार्जच्या वेळी ‘घरी नर्स येऊन बॅग बघेल’ असं सांगितलं की घरच्यांना हायसं वाटतं. ही नर्स नेमकी कोणती, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. ड्रेसिंग, इंजेक्शन, कॅथेटर, बीपी यांसाठी येणारी होमकेअर नर्स ही एक. दुसरी स्टोमा नर्स, जिला काही हॉस्पिटलांत ईटी (एन्टेरोस्टोमल थेरपी) नर्स म्हणतात. तिने स्टोमाच्या देखभालीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेलं असतं. बॅग दोघीही बदलतात, त्यामुळे गल्लत होते.

फरक कळतो तो बॅग गळायला लागल्यावर. होमकेअर नर्स सहसा स्वच्छ करून नवी बॅग लावते, कडेने चिकटपट्टीही लावते. काम चोख असतं, पण दुसऱ्या दिवशी गळती पुन्हा हजर. स्टोमा नर्स आधी काढलेली प्लेट, म्हणजे बॅगेचा कातडीला चिकटणारा भाग, उलटी करून बघते: चिकट थर कुठल्या बाजूने विरघळलाय, मळ कुठवर शिरलाय. मग पेशंटला झोपवून, बसवून, उभं करून, वाकायला लावून पोट पाहते. आडवं असताना सपाट दिसणाऱ्या पोटावर बसल्याबरोबर नेमकी स्टोमाशेजारी घडी पडते आणि गळती तिथूनच सुरू होते. तिथे पेस्ट किंवा रिंग लावून खळगा भरायचा, की स्टोमा आत ओढला गेलाय म्हणून कॉन्व्हेक्स, म्हणजे पोटाच्या बाजूने फुगीर, प्लेट घ्यायची, हे ती ठरवते.

मापाचंही तसंच. ऑपरेशननंतरचे 6 ते 8 आठवडे सूज उतरत जाते आणि स्टोमा लहान होतो. हॉस्पिटलमध्ये घेतलेल्या मापानेच प्लेट कापत राहिलं, तर स्टोमाभोवतीची कातडी उघडी पडते. भोक स्टोमापेक्षा 2-3 मिलिमीटरच मोठं हवं. कोलोस्टोमीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या स्टोमात, थोडं इकडेतिकडे चालून जातं; इलिओस्टोमीत नाही, कारण लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मळातले पाचकरस कातडी अक्षरशः सोलतात. त्याला ‘ॲलर्जी’ समजून कुणी तेलकट मलम चोपडतं, मग प्लेट चिकटतच नाही आणि कातडी आणखी सोलवटते.

स्टोमा नर्सचं सगळ्यात मोलाचं काम तर ऑपरेशनच्या आधीच होतं: स्टोमा कुठे काढायचा त्या जागेवर खूण करणं. घड्या, जुने व्रण, पँटच्या पट्ट्याची रेघ टाळून, पेशंटला स्वतःला दिसेल अशी ती जागा असावी. ऑपरेशन ठरवून होणार असेल तर सर्जनना हे आधीच विचारा.

म्हणून होमकेअर नर्स कमी प्रतीची ठरत नाही. जखम भरायची असेल, ड्रेन असेल, सलाईन चालू असेल, तर तीच हवी. शिवाय स्टोमा नर्स थोड्याच असतात, रोज घरी येणं त्यांना शक्य नसतं. माझ्या मते रोजचं काम होमकेअर नर्सकडे किंवा घरच्यांकडे, आणि सुरुवातीचे दोन-तीन महिने अधूनमधून स्टोमा नर्सची तपासणी, ही विभागणी उत्तम.

तिला शोधायचं कुठे? कोलोरेक्टल सर्जरी, कॅन्सर किंवा युरॉलॉजी विभाग असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात ‘स्टोमा क्लिनिक आहे का’ असं विचारा. ऑपरेशन दुसरीकडे झालेलं असलं तरी विचारायला हरकत नाही. बॅग बनवणाऱ्या कंपन्यांचे सल्लागारही असतात, काही जण प्रशिक्षित नर्सही असतात. फक्त ते आपल्याच कंपनीचा माल सुचवणार, हे धरून चाला. लांबून सल्ला घ्यायचा असेल तर बसलेल्या आणि उभ्या स्थितीतले फोटो पाठवा, सोबत काढलेल्या प्लेटच्या मागच्या बाजूचाही.

स्वतः स्टोमा असलेल्या स्वयंसेवकांच्या संघटनाही असतात. प्रवास, कपडे, जवळीक याबद्दल त्यांच्याशी जितकं मोकळं बोलता येतं तितकं कुठल्याच नर्सशी येत नाही. खरं तर हा नर्सिंगचा प्रकारच अशा एका पेशंटपासून सुरू झाला: नॉर्मा गिल या इलिओस्टोमी झालेल्या बाईंना 1958 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी याच कामावर घेतलं.

मात्र काही वेळा कुठल्याच नर्सची वाट पाहू नका. स्टोमा जांभळा किंवा काळा पडला, पोटात कळा आणि उलट्या येऊन बॅगेत काहीच येईनासं झालं, किंवा इलिओस्टोमीतून पाण्यासारखं वाहत राहून लघवी कमी झाली, तर थेट इमर्जन्सी गाठा.