हिजाब, नकाब आणि आपला ‘बुरखा’

रमजानच्या दिवसांत बेळगावच्या खडेबाजारात संध्याकाळी खरेदीला गेले की एकाच दुकानासमोर तीन तऱ्हा दिसतात: एकीने केस, कान आणि मान झाकणारा रुमाल डोक्याभोवती टाचणीने घट्ट बसवलेला असतो, पण चेहरा पूर्ण उघडा असतो, दुसरीच्या काळ्या कापडातून केवळ डोळे दिसतात, तिसरीने साडीचा पदर नुसता डोक्यावर घेतलेला असतो. पहिलीचा हिजाब, दुसरीचा नकाब. आपण मराठी बोलणारे मात्र पहिल्या दोघींनाही सरसकट ‘बुरखेवाली’ म्हणून मोकळे होतो. (बुरखा म्हणजे खरे तर अंगभर आवरण, त्याचा तोंडावरचा पडदा मागे टाकला तर चेहरा उघडाच राहतो.)

शब्दांची ही ढिलाई बाजारात चालून जाते, कायद्याच्या चर्चेत चालत नाही. उडुपीच्या सरकारी पदवीपूर्व महाविद्यालयातून पेटलेला आणि २०२२ मध्ये बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कट्ट्यांवरही घोळवला गेलेला वाद हिजाबचा होता. त्या मुलींना गणवेशासोबत डोक्याला रुमाल बांधायचा होता, चेहरा झाकण्याची त्यांची मागणीच नव्हती. कर्नाटक सरकारचा ५ फेब्रुवारी २०२२ चा आदेश शिक्षणसंस्थांमधील गणवेशापुरता होता. हिजाब ही इस्लामची अत्यावश्यक धार्मिक प्रथा नाही, असे म्हणत उच्च न्यायालयाने १५ मार्चला तो कायम ठेवला, आणि १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती हेमंत गुप्ता व सुधांशू धुलिया यांची मते परस्परविरोधी पडल्याने प्रकरण योग्य पीठ नेमण्यासाठी सरन्यायाधीशांकडे सोपवण्याचे ठरले. रस्त्यावर, बाजारात किंवा एसटीत कोणी काय घालावे, हा प्रश्न या खटल्यात नव्हताच. तरीही आपल्याकडे त्याला ‘बुरखाबंदी’ म्हणणारे कमी नाहीत.

नकाबचा वाद पाहायचा तर फ्रान्सकडे पाहावे लागते, कारण तिथे या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे कायदे आहेत. २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हे वर्ज्य केली, त्यात हिजाब आला. २०१० च्या कायद्याने सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यास मनाई केली, आणि हिजाब घालून बाजारात जाणारी बाई त्या दुसऱ्या कायद्याच्या कक्षेत येतच नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१४ मध्ये हा दुसरा कायदा उचलून धरला खरा, पण सुरक्षिततेचा आणि स्त्री-पुरुष समानतेचा मुद्दा त्यासाठी पुरेसा मानला नाही. ‘एकत्र राहण्यासाठी’ चेहरा दिसावा, एवढा एकच युक्तिवाद त्याने स्वीकारला. मला तो युक्तिवाद लंगडा वाटतो. कॉलेज रोडवर भर दुपारी स्कूटीवरून जाणाऱ्या मुली धूळ आणि ऊन चुकवायला डोळ्यांखेरीज सगळे तोंड स्कार्फने गुंडाळतात, वर गॉगल चढवतात, आणि त्यामुळे बेळगावकरांचे एकत्र राहणे अडल्याचे दिसत नाही.

ओळख पटवण्याचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो फक्त नकाबला लागू होतो. मतदान केंद्रावर नकाबधारी मतदार आली की महिला कर्मचारी तिला आडोशाला नेते, पडदा वर करून चेहरा ओळखपत्राशी ताडून पाहते आणि मग बोटाला शाई लागते. हिजाब घातलेल्या मतदाराला एवढेही थांबावे लागत नाही.